आजी खुणांनी भागवते

'मावशी, मी परतवाड्याला राहते, दवाखान्यात परिचारिका आहे. आम्ही कोरकू आदिवासी, गाव चिखलदऱ्याकडचं. मुलगा तिसरीत. पहिलीत असताना बाई म्हणाल्या, घरी मराठीच बोला, नाहीतर पोरगं मागे पडेल. आम्ही ते कडक पाळलं. तरी मराठी कच्चीच, वही लाल शाईनं भरलेली. गणितात बरा होता, आता शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतो. वर्गात तोंड उघडत नाही. मिस्टर म्हणतात वसतिगृहात टाकू, मी म्हणते शिकवणी लावू. घरात बाकी काही अडचण नाही. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना फक्त कोरकू भाषा येते, मराठी येत नाही, पण त्याच्याशी खुणांनी भागवतात. काय करू?'

शिकवणी राहू दे बाजूला. 'खुणांनी भागवतात' हे तू पत्राच्या शेपटाला लिहिलंस, आणि त्याच्या आधी लिहिलंस की घरात अडचण नाही! धडधाकट बोलणारी बाई दोन वर्षं आपल्या नातवाला हातवारे करून जेवायला बोलावते आहे, आणि तू ते 'सगळं ठीक'च्या रकान्यात टाकलंस.

बाईंचा हेतू चांगला असेल. असू दे. शिक्षणहक्क कायद्याचं २९ वं कलम सांगतं की शक्य तिथवर मुलाला मातृभाषेत शिकवावं. शाळेत कोरकू आणायची राहिली बाजूला, बाईंनी ती तुमच्या घरातूनही काढायला सांगितली. आणि तुम्ही काढलीत. अगं, बाई काही रात्री तुमच्या दाराला कान लावून बसत नव्हत्या.

त्या वहीतली लाल शाई मी न बघता सांगते. 'तो झाड', 'ती पुस्तक', 'पाणी आला'. बरोबर? मराठीत पंखा तो, खुर्ची ती, कपाट ते. का, ते विचारायचं नाही. कोरकूत ही तीन लिंगांची भानगडच नाही, तिथे जिवंत आणि निर्जीव असा भेद चालतो. ती झारखंडकडच्या संताळी-मुंडारी भाषांच्या कुळातली, मराठीशी तिची सोयरीक नाही. म्हणजे तुझं पोर फार लांबची उडी मारतंय, आणि उडी घ्यायला पाय रोवायचे ती जमीनच तुम्ही ओढून घेतलीत.

बदल्यात दिलं काय? जेव, झोप, अभ्यास कर, टीव्ही बंद कर. तुमच्या घरातली मराठी एवढीच असणार, कारण तुम्हा दोघांचीही ती कामावरची भाषा. त्या भाषेत अस्वलानं मोहाच्या झाडाखाली कुणाला गाठलं ते कुणी त्याला सांगितलं का? शाब्दिक उदाहरण म्हणजे तरी काय, गोष्टच. कुणाकडे किती आंबे होते, त्यातले किती दिले, मग किती उरले. 'त्यापेक्षा', 'त्याआधी', 'म्हणून' हे ज्याच्या कानात कुठल्याच भाषेत मुरलं नाही, तो पेन खाली ठेवणारच. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७९पासून मांडत आले आहेत की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. 'अर्धा' म्हणजे काय हे कोरकूत एकदा कळलं, की मराठीत फक्त शब्द शिकायचा उरतो.

मी वऱ्हाडातली. शाळेत 'मले' म्हटलं की हातावर पट्टी बसायची. घरी आले की आजी म्हणायची, 'कायले रडतं वं?' आणि जिवात जीव यायचा. तुझा मुलगा शाळेतून घरी येतो तो पुन्हा शाळेतच.

आणखी एक सांगते. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक मराठीत आहे, हिंदीत नाही, कोरकूत आहे. कोरकू त्याच्याही पुढे जाते. 'तू आणि मी, दोघंच' यासाठी तिच्याकडे वेगळा शब्द आहे. 'ये' हातानं दाखवता येतं, 'जेव' दाखवता येतं. हा शब्द सासूबाईंनी नातवाला कसा दाखवायचा?

२०११च्या जनगणनेत ७ लाखांवर लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली होती. पुढच्या वेळी गणनेवाला दारात आला की मुलापुढे काय लिहायला सांगणार आहेस?

आज रात्री त्याचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत घाल. रोज एक गोष्ट, कोरकूतून. सकाळी डबा भरताना त्याला विचार, 'रात्री काय झालं गोष्टीत, मला मराठीत सांग.' तो सांगेल तसं ऐक. 'तो झाड' म्हणाला तर म्हणू दे. शिकवणीचे पैसे वाचतील त्यातून सासूबाईंना लुगडं घे, आणि मिस्टरांना सांग, वसतिगृहाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

पहिल्या रात्री दोघंही गप्प बसतील. दोन वर्षांची मनाई आहे, सासूबाई आधी तुझ्याच तोंडाकडे बघतील. तेव्हा दारात उभी राहू नकोस. खाली बस, आणि पहिलं वाक्य कोरकूत तू बोल.