उन्हाळाभर उभी असलेली स्प्लेंडर सुरू होत नाही. इंजिन उघडावं का?

प्रश्न थोडक्यात असा : जुळे सोलापुरात घराबाहेर पत्र्याखाली जुनी, कार्बोरेटरवाली स्प्लेंडर एप्रिल-मे उभी होती. आता कितीही किक मारली तरी चालू होत नाही आणि गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल.

इतक्यात खोलू देऊ नका. बंद ठेवताना गाडी नीट चालत होती ना? मग नुसतं उभं राहून पिस्टन-रिंग झिजत नाहीत. उभ्या गाडीत बिघडतं ते पेट्रोल, नाहीतर करंट. यातलं काय बिघडलंय ते स्पार्क प्लग सांगतो. प्लगपान्हा घरात नसेल तर घेऊन ठेवा, महाग नसतो.

आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून, पुसून काढा. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तिथं थराने बसते आणि प्लग काढताच भोकातून सरळ आत जाते. मग दहा-बारा किक मारून लगेच प्लग काढा आणि टोक बघा. ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय; करंट कमी पडतोय किंवा चोक ओढून ओढून गाडी ओव्हर झालीय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल भरलंय. टोक ठणठणीत कोरडं असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. कोरडी काळी काजळी असेल तर प्लग घासून साफ करा, किंवा सरळ नवा टाका.

करंट कार्बोरेटरला हात लावायच्या आधीच तपासा. पेट्रोल सांडल्यावर ठिणगी पाडायची नसते. प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा आट्यांचा भाग प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, सावलीत किक मारा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर नव्या प्लगवर पुन्हा बघा. तरीही नसेल तर कॅप वायरवरून फिरवून काढा, वायरचं हिरवं पडलेलं टोक थोडं कापा आणि कॅप परत घट्ट फिरवा. टाकीखालची वायरिंगही बघून घ्या, उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात.

ठिणगी झकास आणि प्लग कोरडा, असं निघालं तर दोष कार्बोरेटरमध्ये. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दोन महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. स्लो जेट म्हणजे कमी वेगात पेट्रोल सोडणारी छोटी नळी, तिचं भोक केसाएवढं, ते त्या राळेनं बुजतं. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून फार दिवस साठवायच्या कामाचं नाही.

कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू करा, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरा. तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. धार लागून लगेच तुटली तर कॉकची जाळी चोंदलीय किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय; झाकण उघडून धार परत सुरू झाली तर झाकणच साफ करा. धार चांगली आहे, गाडी चोकवर जेमतेम पकडते आणि चोक सोडला की बंद पडते, तर जेट काढून क्लीनर मारा आणि पंक्चरवाल्याकडे हवेनं फुंकून घ्या. सुई घालू नका. जेट पितळेचं असतं, भोक जरा मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. जुनं पेट्रोल काढून ताजं लिटरभर टाका.

गाडी ओव्हर झाली असेल तर प्लग पुसून बसवा, चोक बंद, कॉक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारत राहा. प्लग बसवताना पहिले आटे हातानंच फिरवा. पान्ह्यानं वाकडा बसला तर हेडचे आटे जातात आणि मग खरंच मोठा खर्च येतो.

आता इंजिनचं. प्लग काढलेल्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हवेनं अंगठा जोरात उडाला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला हवेचा दाब, आहे, इंजिन खोलायचं कारण नाही. उडाला नाही तरी आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) करून घ्या, व्हॉल्व्ह घट्ट झाले तरी कॉम्प्रेशन जातं आणि त्यासाठी हेड काढावं लागत नाही.

गॅरेजमध्ये न्यावीच लागली तर प्लग तुमच्यासमोर काढायला लावा, आणि काम सांगताना फक्त ‘कार्बोरेटर सर्व्हिस, प्लग, टॅपेट’ एवढंच लिहून द्या.