बिघाड फोनात नाहीये

पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडक्यात देते.

"ताई, मी चौदा वर्षं बेस गिटार वाजवतोय, पोट त्याच्यावरच आहे. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, वीकेंडला बार, जे मिळेल ते. बँडमध्ये सगळ्यात जुना मीच. पण हल्ली प्रत्येक साउंडचेकला (कार्यक्रमाआधी आवाज जुळवताना) व्होकलिस्ट, म्हणजे आमचा गायक, सगळ्यांसमोर मलाच आवाज कमी कर म्हणतो, वर म्हणतो तुझा टोन कर्कश झालाय. बेसचा टोन कधी कर्कश असतो का? त्यात कीबोर्डवर एक नवा पोरगा आलाय, तो डाव्या हाताने बेसलाइन वाजवतो, त्यामुळे छोट्या गिग्जना, म्हणजे कार्यक्रमांना, मला न नेताच भागवायचं असं चाललंय, मला सरळ कोणी सांगत नाही पण कळतं ना. घरी बायको तोंडातल्या तोंडात बोलते आणि परत विचारलं की चिडते, म्हणते तुझं माझ्याकडे लक्षच नसतं. दोन-तीन महिने झाले फोनपण बिघडलाय, उजव्या कानाला लावला की आवाज फुटका येतो, डाव्याला धरावा लागतो. सगळीकडून वैताग आलाय. शनिवारी गिग आहे, तो झाला की बँड सोडतोय असं सांगून मोकळा होऊ का? आणि बायकोला कसं समजावू?
– चार तारांवाला"

अरे चार तारांवाल्या, फोनला कानाशी धरायचा स्पीकर एकच असतो रे. डाव्या कानाचा वेगळा, उजव्याचा वेगळा असं काही नसतं त्यात. तोच फोन डाव्या कानाला लावला की नीट आणि उजव्याला लावला की फुटका, तर मग बिघाड फोनात कसा असेल? व्होकलिस्टवर तू दीड पान लिहिलंयस, कीबोर्डवाल्या पोरावर एक पान, बायकोवर अर्धं, आणि हे एक वाक्य मध्येच टाकून पुढे निघून गेलास. मी तिथेच अडकले आणि मग तुझं अख्खं पत्र त्या वाक्यापासून परत वाचून काढलं.

स्टेजवर तू कुठे उभा असतोस? माझा अंदाज, हाय-हॅटच्या (ड्रमरच्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, कारण बरेच बेसिस्ट तिथेच जागा पकडतात, ड्रमरचा पाय आणि हात दोन्ही दिसले की ग्रूव्ह, म्हणजे ताल, घट्ट बसतो. आता ड्रमर उजव्या हाताचा असेल तर हाय-हॅट त्याच्या डावीकडे, आणि बहुतेकदा एक क्रॅशही (मोठी झांज) तिकडेच. म्हणजे तू प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलास की हे सगळं लोखंडकाम तुझ्या उजव्या कानाशी. तेही छोट्या स्टेजवर, जिथे तुझ्यात आणि त्या सिंबलमध्ये (झांजेत) हातभर अंतर असतं. उजवाच कान का, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही.

तू म्हणशील ताई, मला ऐकू येतं की, माझा बेस तर मला स्पष्ट ऐकू येतो. तिथेच तर तुम्ही बेसवाले फसता! तुझी सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवलीस की साधारण ४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. सगळ्यात बारीक तारेवर शेवटच्या, चोविसाव्या फ्रेटपर्यंत (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीपर्यंत) गेलास तरी मूळ सूर ४०० च्या आतच राहतो. आणि मोठ्या आवाजाने कान जातो तो पहिल्यांदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, साधारण ४००० च्या आसपास. नुकसान सिंबलने केलं काय, मशीनने केलं काय, सुरुवात तिथूनच होते, कारण कानाची नळीच अशी आहे की ती ३००० च्या जवळचे सूर वाढवून आत पाठवते. त्यामुळे वरचा पट्टा पोखरला जात असताना तुझा स्वतःचा बेस तुला पूर्वीसारखाच गुबगुबीत ऐकू येत राहतो आणि तू बिनधास्त असतोस.

पण पूर्णपणे पूर्वीसारखा नाही हं. तारेला बोट लागतं तेव्हाची टकटक, फ्रेटवर तार आपटल्याचा तो 'क्लॅक', स्लॅप करताना (अंगठ्याने तारेवर थाप मारताना) येणारी धार, हे सगळं वरच्या पट्ट्यात राहतं. ते तुला कमी ऐकू यायला लागलं की वाटतं आवाजाचा चिखल झालाय, नोटा सुट्या कळत नाहीत, मग माणूस काय करतो? ॲम्पवरचा ट्रेबल, म्हणजे वरचा पट्टा, थोडा वर नेतो. पुढच्या महिन्यात अजून थोडा. मग व्हॉल्यूम. तुझ्या कानाला अजूनही तो चिखलच असतो आणि तुझ्यापासून दोन पावलांवर उभ्या असलेल्या, कान शाबूत असलेल्या व्होकलिस्टच्या डोक्यात मात्र ती टकटक खिळ्यासारखी जात असते. तू विचारलंस बेसचा टोन कधी कर्कश असतो का, तर हो, असतो, तुझा झालाय बहुतेक. तो माणूस खरं बोलतोय. सगळ्यांसमोर बोलतो हे चुकीचं असेलही, पण त्याच्यावर आज मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाही.

बायकोचं तर उघडच आहे. अ, आ, ओ हे आवाज खालच्या पट्ट्यातले, दणकट, ते तुला पोचतात. स, श, च, त, फ हे बारीक आणि वरचे, ते गळतात. त्यामुळे ती बोलतेय हे तुला कळतं, काय बोलतेय ते कळत नाही. सात वाजता म्हणाली की हात असं काहीतरी ऐकू येतं, मागे पंखा किंवा टीव्ही चालू असेल तर तेवढंही नाही. ऐकणाऱ्याला हे कधीच "मला कमी ऐकू येतंय" असं वाटत नाही, समोरचा पुटपुटतोय असंच वाटतं, अगदी शंभर टक्के. आणि समोरच्याला वाटतं याला माझी किंमत नाही. अशी कित्येक पत्रं माझ्याकडे येतात, दोन्ही बाजूंची, नवराबायको एकमेकांच्या स्वभावाचा कीस पाडत बसतात आणि कानाचं नाव कोणीच घेत नाही. तू समजावू कसं विचारतोयस. समजावण्यासारखं काही नाहीये, तिचं बरोबर आहे, तिचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतच नाहीये.

पत्रात लिहिलं नाहीस पण गिगनंतर गाडीत बसलं की कानात शीळ वाजत असणार, कापूस कोंबल्यासारखं वाटत असणार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते बरं होत असणार. तुमच्या लोकांत याला कोणी काही समजतच नाही, उलट गिग कडक झाला म्हणतात, मला ऐकूनच संताप येतो. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, एका कानात जेमतेम पंधराएक हजार, जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, माणसात त्या परत उगवत नाहीत. ती शीळ म्हणजे त्यांना मार बसलाय. दुसऱ्या दिवशी ऐकू यायला लागतं म्हणून सगळ्याच सावरल्या असं नसतं, दर वेळी काही गळून पडतात आणि बाकीच्या काम ओढतात, मग एक दिवस फोन बिघडतो.

हिशोबही सांगते, कारण तू मोजून काम करणारा माणूस आहेस. कामाच्या जागी आवाजासाठी जी मर्यादा धरतात ती ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत करत १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. ड्रमच्या शेजारी छोट्या स्टेजवर १०० काही जास्त नाही, सहज जातो. म्हणजे पहिल्या सेटची तीन-चार गाणी होईपर्यंत तुझा त्या दिवसाचा कोटा संपलेला असतो, त्यानंतर अजून दोन सेट, एन्कोर, आणि मधल्या ब्रेकमध्ये डीजे.

आणि हे काही तुझ्यावर एकट्यावर आलेलं नाही. कॅथी पेक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची एक बेसिस्ट आहे, द कॉन्ट्रॅक्शन्स नावाच्या बँडमध्ये वाजवायची. एका मोठ्या शोनंतर तिच्या कानातली शीळ थांबेचना. तिने १९८८ मध्ये एका डॉक्टरला सोबत घेऊन संगीतकारांच्या कानांसाठी 'हिअर' नावाची संस्थाच काढली. तुझंच वाद्य, म्हणून मुद्दाम सांगतेय. दुखणं उघड बोलून दाखवलं म्हणून तिचं संगीतातलं नाव काही पुसलं गेलं नाही.

आता तुझा प्रश्न, बँड सोडू का. मी उत्तर देणार नाही. ज्या माणसाला आज स्वतःचा टोन धड ऐकू येत नाही त्याने चौदा वर्षांच्या कामाचा निकाल या आठवड्यात लावायचा नाही. आधी कान. शनिवारच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं आणि ऑडिओमेट्री करून घ्यायची. बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीकशी बीप ऐकू आली की बटण दाबायचं, दुखत नाही, अर्धापाऊण तासात होतं. मी आवाजात काम करतो हे सांग आणि ३००० आणि ६००० वरही तपासा असं सांग. दोन्ही कानांचा आलेख वेगवेगळा मिळतो, उजव्याच्या आलेखात ४००० पाशी खळगा दिसला तर डॉक्टरने समजावून सांगायचीही गरज पडणार नाही, तुला इक्यूचा (आवाजाचे पट्टे कमीजास्त करायचा) ग्राफ वाचायची सवय आहेच.

नुसतं श्रवणयंत्राच्या दुकानात जाऊन चाचणी करून येऊ नकोस. तुला जे होतंय ते एकाच बाजूला होतंय आणि एका बाजूचं दुखणं डॉक्टरने आत बघायलाच हवं. कदाचित नुसता मळ घट्ट बसला असेल, दहा मिनिटांत काढतील आणि मी एवढं लिहिलं ते वाया जाईल, मला आनंदच आहे. कदाचित पडद्यामागे पाणी असेल. कधीकधी ऐकण्याच्या नसेवर गाठ असते, क्वचित, पण म्हणूनच बघतात. आणि त्याआधी एखाद्या सकाळी उठल्यावर तो कान अचानक बंदच पडलाय असं झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी जा, त्यात औषधाला दिवसांचीच मुदत असते, महिन्याने गेलं की फारसं काही हातात राहत नाही.

चाचणीआधी कानाला शांतता लागते, निदान १४ तास मोठा आवाज नको, मी तर म्हणेन दोन दिवस नको. म्हणजे मधली रिहर्सलपण बंद. आणि कानाला अजून मार नको म्हणून शनिवारचा गिग तू वाजवायचा नाहीस.

मला माहितीये हे वाचून पोटात गोळा आला असेल. सर्किटमध्ये एक गिग सोडला की बदली आलेला माणूस आवडतो, मग पुढचा फोन त्यालाच जातो, हे मी अनेक वादकांकडून ऐकलंय, भीती खोटी नाहीये. पण तुझ्या बँडमध्ये बदली आधीच आहे ना? तो पोरगा डाव्या हाताने बेसलाइन वाजवतो म्हणूनच तुझी झोप उडालीये, मग वाजवू दे त्याला शनिवारी. तूच फोन कर त्याला, डाव्या कानाला लावून, आणि सांग की मला कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, तू एवढा गिग सांभाळ, कुठल्या गाण्यात कुठे ब्रेक आहे ते मी लिहून पाठवतो. खरं कारण सांग. पाठदुखी, पाहुणे असलं काही सांगू नकोस. व्होकलिस्टलाही तेच सांग, "आवाजावरून तू बोलत होतास ना, माझा कान तपासून घेतोय." एवढं वाक्य बोलायला तुला जड जाईल. बोल तरी.

डॉक्टरकडे जाताना बायकोला घेऊन जा आणि आत गेल्यावर तुझ्या उजवीकडे बसव. तिला तुझ्याबद्दल जे दिसतं ते तिला सांगू दे, टीव्हीचा आवाज किती असतो, कुठल्या खोलीतून हाक मारली की तुला कळत नाही, हे तुला ठाऊकच नसणार, तिला ठाऊक आहे. आणि डॉक्टर जे सांगतील ते तुझ्याकडून निम्मं सुटेल, तिच्याकडून सुटणार नाही.

कानात घालायचे प्लग्ज, इन-इअर (कानातले छोटे स्पीकर), स्टेजवरची जागा बदलणं, हे सगळं रिपोर्टनंतर. तू एकदा ते फोमचे पिवळे प्लग घालून पाहिले असशील आणि फेकून दिले असशील, कारण ते वरचा पट्टा जास्त दाबतात आणि बेसिस्टच्या कानात नुसती घुम राहते. संगीतकारांसाठी वेगळे मिळतात, सगळा पट्टा साधारण सारखाच खाली आणणारे, कानाच्या मापाचे, १५ डेसिबलचा फिल्टर घातला तर तुझी ती १५ मिनिटं परत ८ तास होतात. पण ते डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्टशी (श्रवणतज्ज्ञाशी) बोलून घ्यायचे, आज रात्री ऑनलाइन शोधत बसायचं नाही. आज फक्त अपॉइंटमेंट.

नवा फोन घेऊ नकोस. बँडच्या ग्रुपवर सोडतोय वगैरे काही टाकू नकोस. रिपोर्ट हातात आला की दोन्ही कानांचे आकडे मला लिहून पाठव, मग बँडचं काय करायचं ते आपण बोलू.