मामाला बरं करण्याची जबाबदारी भाचीची नाही

देवगडहून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला ४१२ मिळाले. तिच्या मामाला मूत्रपिंडाचा दुर्मीळ प्रकारचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ गोठवून मारणं आणि जोडीला इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं), अशा नव्या उपचाराच्या एका चाचणीबद्दल, म्हणजे क्लिनिकल ट्रायलबद्दल सांगितलं. ‘याचा कोर्स कुठे असतो? यंदा कलमं खंडाने देतो आणि तिला रिपीटसाठी लातूरला ठेवतो. आता मामाला तीच बरं करील.’

४१२ गुणांची मला चिंता नाही. तुमच्या शेवटच्या वाक्याची आहे. उद्या मामाचं काही बरंवाईट झालं, तर ही पोर आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. शिवाय हिशेब तरी कुठे जमतोय? एमबीबीएस साडेपाच वर्षं, रेडिऑलॉजीत एमडी तीन, मग इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीचं, म्हणजे स्कॅनवर बघत सुईने उपचार करण्याचं, पुढचं शिक्षण. मामाचा आजार आजचा आहे. ती चाचणी त्यांना लागू पडते का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि तेही तुम्ही विचारा.

राहिला कोर्स. असा एक कोर्स नाही, कारण हे एका डॉक्टरचं काम नाही. सीटी स्कॅनवर बघत सुई गाठीपर्यंत नेऊन आर्गॉन वायूने ती गोठवतो रेडिऑलॉजिस्ट. कॅन्सर कोणत्या प्रकारचा, पॅपिलरी की क्रोमोफोब, हे ठरवतो पॅथॉलॉजिस्ट. इम्युनोथेरपीचं औषध सलाइनमधून देतो मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट. ही औषधं प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक सोडवतात. मेलेल्या गाठीचे अवशेष पाहून शरीराला बाकीचा कॅन्सरही ओळखता यावा, अशी यामागची कल्पना. ती कितपत खरी ठरते, हे अजून तपासलं जातंय. दुर्मीळ प्रकारात रुग्णच थोडे, म्हणून अनेक रुग्णालयांना मिळून चाचण्या कराव्या लागतात. आणि हा ब्रेक सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतो, या शोधाबद्दल २०१८ चं नोबेल ज्या दोघांना मिळालं, त्यांतले जेम्स अ‍ॅलिसन डॉक्टर नव्हेत, पीएचडी केलेले संशोधक आहेत.

हे एवढं लिहिलं ते पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात असलेल्या एका ओळीमुळे: ‘मेलेली गाठ आतच राहिली तर पुढे तिचं काय होतं?’ तुम्ही पत्र पाकिटात घालताना ती वाचली होती का? मला तरी हा प्रश्न रुग्ण तपासायला निघालेल्या मुलीचा वाटत नाही, प्रयोगशाळेत रमणारीचा वाटतो. त्या वाटेवर पुण्याचं आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, त्याची प्रवेश परीक्षा आयएटी. किंवा साधी बीएस्सी, मग बायोटेक्नॉलॉजी वा इम्युनॉलॉजीत (प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात) एमएस्सी आणि पीएचडी. टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र खारघरला आहे, म्हणजे तुमच्यापासून कोकण रेल्वेच्या टप्प्यातच.

तिला डॉक्टरच व्हायचं असेल, तर नीट पुन्हा द्यायला माझी हरकत नाही. पण तसं तिने म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. बागेचा व्यवहार करण्याआधी तिला विचारा आणि ती बोलत असताना मधे बोलू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही ते वाचलं नाहीत तरी चालेल.