कॉम्प्युटरशी खेळून मुलाचं बुद्धिबळ बिघडतं का?

“मॅडम, कॉम्प्युटर बंदच करून टाकू का?” बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे आईवडील मला हे वारंवार विचारतात. सहावीतल्या एका मुलाची आईही हेच विचारत आली होती. मुलगा रोज संध्याकाळी स्टॉकफिश या इंजिनाशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामशी खेळायचा, तेही पूर्ण ताकदीच्या. रेटिंग मात्र घसरत होतं आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री पोट दुखायचं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं.

मी त्याला स्पर्धेतला एक डाव पटावर मांडायला सांगितला. नोंदीचा कागद बघत मोहरे हलवताना तो मधेच थांबला. “इथे त्याचा घोडा फुकट मिळत होता.”

“मग घेतला का नाहीस?”

“कॉम्प्युटर कधी फुकट देत नाही. मला वाटलं, सापळा असेल.”

पुढे दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली असताना, एक प्यादं कमी आहे म्हणून त्याने डाव सोडला होता. असे शेवट कितीदा तरी बरोबरीत सुटतात. पण एक प्यादं गेलं की हार नक्की, हे घरी रोज हरून त्याच्या अंगात भिनलं होतं.

नुकसान होतं ते इथे. १९९७ मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं, त्यासाठी खास यंत्र बांधावं लागलं होतं. आज फोनमधलं मोफत इंजिनही जगज्जेत्याला भारी पडतं. त्याची ताकद कमी केली, तर ते चांगलं खेळता खेळता अचानक वजीर देऊन टाकतं. माणूस चुकतो तो वेळ संपत आल्यावर, घाबरल्यावर, किंवा जिंकलोच असं वाटून सैल पडल्यावर. हे हेरायला समोर माणूसच हवा.

आई म्हणाली, “गुकेशलाही ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिन वापरू दिलं नव्हतं ना?” खरं आहे. पण ताई, त्याचे डाव तपासायला त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्नांसारखा ग्रँडमास्टर होता. आपल्या मुलांना ती सोय नसते, म्हणून इंजिन पूर्ण बंद करा असं मी सांगत नाही.

आम्ही ठरवलं ते असं. डाव झाला की कुठे आणि का चुकलं हे आधी स्वतः वहीत लिहायचं, मगच इंजिन उघडायचं. त्याच्याशी पूर्ण डाव खेळायचे नाहीत. हत्तीचे बरोबरीचे शेवट मात्र त्याच्यासमोर वाचवून दाखवायचे. जराही सूट न देणारा प्रतिस्पर्धी तिथे फार कामाचा. बाकी खेळ क्लबातल्या मुलांशी आणि आजोबांशी.

सुरुवातीला वहीत नुसतं ‘घाई केली’ असायचं. पोटदुखी हळूहळू कमी झाली, रेटिंग अजून फारसं हललेलं नाही. गेल्या भेटीत मात्र इंजिनाने चूक ठरवलेली स्वतःची एक चाल त्याने मला हिरिरीने समजावली: समोरच्याकडे दोनच मिनिटं उरली होती, म्हणून त्याने मुद्दाम गुंतागुंत वाढवली होती.