नव्या फोनमध्ये आधीपासून असलेली अ‍ॅप्स काढता येत नसतील तर काय करावं? ती आपली माहिती बाहेर पाठवतात का?

तुम्ही लिहिलंय की निफाडला शेती बघणाऱ्या वडिलांसाठी नाशिकहून स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेतला, सुरू केला तर आत गेम, खरेदीची, बातम्यांची, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स आधीच बसलेली. काही निघाली, काहींना अनइन्स्टॉलचं बटणच नाही. ती माहिती नेतात का आणि फोन परत करावा का, हे तुम्हाला हवंय.

परत करू नका. त्याच किमतीचा दुसरा आणलात तरी बहुधा हेच दिसेल. स्वस्त फोनवर कंपनीला नफा थोडा सुटतो, म्हणून ती अ‍ॅपवाल्यांकडून पैसे घेऊन त्यांची अ‍ॅप्स आत बसवते आणि जाहिरातींतूनही कमावते. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच फोनमध्ये हा पसारा जास्त, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

माहिती नेतात का? सगळीच नेतात असं नाही, पण काळजी करायला जागा आहे. प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप लोकेशन, माइक, संपर्क यांसाठी तुम्हाला विचारतं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. कारखान्यातूनच सिस्टिममध्ये बसून आलेल्या अ‍ॅपला मात्र काही परवानग्या न विचारता मिळालेल्या असू शकतात. शिवाय यातल्या अनेकांचं चिन्हच स्क्रीनवर नसतं. २०१९ मध्ये स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २१४ ब्रँडच्या १,७०० हून अधिक मॉडेलमधली अशी ८२ हजारांवर अ‍ॅप्स तपासली. जाहिरात आणि पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांचा कोड त्यात जागोजागी सापडला, आणि कोण काय गोळा करतंय हे ग्राहकाला कळायला मार्गच नव्हता. त्याआधी २०१६ मध्ये तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही स्वस्त फोनमधलं अपडेटचं सॉफ्टवेअर लोकांचे एसएमएस आणि कॉलची यादी दर ७२ तासांनी चीनमधल्या सर्व्हरला पाठवताना पकडलं गेलं. फॅक्टरी रीसेट करूनही ते गेलं नसतं, कारण ते सिस्टिममध्येच होतं.

आता काम. वडिलांनी बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप टाकण्याआधी हे उरका. फोन रीसेट करून पहिल्यापासून सेटअप केलात तर उत्तम, कारण निम्मी परवानगी आपण तिथेच देऊन बसतो. 'पुढे', 'मान्य', 'पुढे' करत सुटू नका. वापराची माहिती पाठवणं, आवडीनुसार जाहिराती, सुचवलेली अ‍ॅप्स, लॉक स्क्रीनवर बातम्या आणि फोटो, या सगळ्यांवरची खूण काढा. फोन चालायला यातलं काहीच लागत नाही.

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडा. गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स बहुतेक वेळा सरळ अनइन्स्टॉल होतात. होत नसेल तिथे 'डिसेबल' दाबा. त्याने अ‍ॅप फोनमध्ये राहतं, पण चालत नाही, आणि बहुतेकांना एवढं पुरतं. डिसेबलही होत नसेल तर त्याच्या परवानग्या एकेक करून बंद करा आणि मागे चालणारा मोबाइल डेटा थांबवा. त्यानंतर 'परमिशन मॅनेजर' उघडून माइक, लोकेशन, एसएमएस आणि संपर्क या चार ठिकाणी कोण बसलंय ते बघा. सिस्टिमची अ‍ॅप्स तिथे लपलेली असतात, वरच्या तीन टिंबांवरून ती दाखवता येतात. एसएमएसकडे जास्त लक्ष द्या. बँकेचा ओटीपी तिथेच येतो, आणि बातम्यांच्या अ‍ॅपला तो वाचायची काहीही गरज नाही. गुगलच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींखाली जाहिरात ओळख (जाहिरातवाले ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो क्रमांक) पुसून टाकायची सोय आहे, तीही वापरा.

कर्जाचं अ‍ॅप मात्र डिसेबल करून सोडू नका, जमेल त्या मार्गाने काढाच. संपर्कयादी हाताशी घेऊन नातेवाइकांना धमकीचे फोन करणाऱ्या कर्ज-अ‍ॅप्सच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. द्राक्षाचा खर्च अंगावर आलेला असताना वडिलांच्या हाताशी असं चिन्ह नकोच.

संगणकाची सवय असेल तर आणखी एक वाट आहे. यूएसबी डिबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकावरून फोनला आज्ञा देऊ देणारी सेटिंग) सुरू करून एडीबी या गुगलच्या संगणकावरच्या साधनाने अ‍ॅप त्या वापरकर्त्यापुरतं काढता येतं, फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवावा, लागत नाही. रीसेट केला की ते परत येतं. काम झालं की डिबगिंग बंद करायला विसरू नका. दुकानात कोणी रूट करून देतो म्हणालं तर नको म्हणा. बँकेची अ‍ॅप्स अशा फोनवर अनेकदा चालत नाहीत आणि फोनची सुरक्षाही कमी होते.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून आणि विशिष्ट कामापुरती दिलेली असली पाहिजे, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. लोक बोलले तर फरक पडतो, हेही आपण पाहिलंय. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे चोरीला गेलेला फोन आणि फसवणुकीच्या तक्रारींसाठीचं सरकारी अ‍ॅप आधीपासून टाकायचा सरकारी आदेश बाहेर आला, त्यावर जोरदार टीका झाली आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. कंपन्यांच्या अ‍ॅप्सबाबतही एवढाच आवाज उठायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटची सूचना: नाव अनोळखी दिसलं म्हणून सिस्टिमची सेवा सरसकट बंद करू नका, कॉल किंवा कीबोर्ड अडकू शकतो. एका वेळी एकच बंद करा, एक दिवस फोन वापरून बघा, मग पुढचं. आणि मोठं अपडेट आलं की यादी पुन्हा तपासा. बंद केलेलं अ‍ॅप कधी कधी पुन्हा सुरू होतं, आणि नवं एखादं सोबत येतं.