दोन रिपोर्ट, एकच मूल

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असल्याचे सांगितले, तर यंदा दुसऱ्या डॉक्टरांनी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान केले. यांपैकी खरे कोणते मानायचे? मी नोकरीमुळे त्याला वेळ दिला नाही म्हणून हे झाले, असे सासूबाईंचे म्हणणे आहे.
– एक आई, सातारा

उत्तर : दोन्ही निदाने खरी असू शकतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. ‘हे की ते’ असा पेच केवळ तुम्हालाच पडलेला नाही. मानसोपचारशास्त्रानेही कित्येक वर्षे हा प्रश्न तसाच मांडला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीनुसार स्वमग्न मुलाला एडीएचडीचे वेगळे निदान देता येत नसे. ही अट २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत काढण्यात आली. मधल्या काळात दोन्ही लक्षणे असलेली मुले एडीएचडीच्या अनेक अभ्यासांतून वगळली गेली आणि नेमक्या अशाच मुलांविषयीचे ज्ञान मागे राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

वरून सारखे दिसणारे वागणे आतून वेगळे असू शकते, आणि खरी अडचण इथेच आहे. समजा, फळ्यावरची तिसरी ओळ अर्धी उतरवून मुलगा थांबला. खिडकीतल्या कावळ्याकडे लक्ष गेले आणि परत फळ्याकडे वळलेच नाही, असे एडीएचडीमध्ये घडते. पण बाईंनी रोज उजवीकडे लिहिली जाणारी तारीख आज डावीकडे लिहिली आणि त्याचे मन तिथेच अडकून बसले, तर ती स्वमग्नतेची खूण असू शकते. एकाच मुलाकडून सकाळी पहिला आणि दुपारी दुसरा प्रकार घडू शकतो.

औषधाचा निर्णय घेतानाही हा फरक महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत स्वमग्नता किंवा तत्सम विकासदोषांसोबत अतिचंचलता असलेल्या ७२ मुलांना मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध देऊन केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या मुलांना लाभ झाला. परंतु १८ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे थांबवावे लागले. केवळ एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये लाभाचे प्रमाण सहसा याहून अधिक आढळते. म्हणून औषध सुचवले गेल्यास डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवावेत आणि अल्प मात्रेपासून सुरुवात करण्याविषयी अवश्य विचारावे.

सासूबाईंच्या म्हणण्याविषयी मला स्पष्टच लिहायचे आहे. आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता येते, हा समज एके काळी तज्ज्ञांमध्येही होता. सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांवर केलेल्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे निर्देश केला, आणि पुढील संशोधनाने तो दोन्ही अवस्थांबाबत भक्कम केला. तुमच्या नोकरीचा यात दोष नाही.

पुढच्या भेटीपूर्वी दोन आठवडे एका वहीत नोंदी ठेवा : मुलगा कुठे अडला, त्याआधी काय घडले, आणि तो पुन्हा कशाने सुरू झाला. वर्गशिक्षिकांनाही हेच लिहून देण्याची विनंती करा. स्वमग्नतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात असल्याने ते निदान कायम झाल्यास प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. शाळेकडे परीक्षेतील सवलती मागताना त्याचा उपयोग होतो.