सूड घेणारा पॅलाडिन घडवताना शत्रूच्या आधी वाचलेल्यांची नावे लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मित्रांच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नवे कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग कथा) सुरू होत आहे, त्यात तुम्हाला सुडाने पेटलेला धर्मयोद्धा, म्हणजे पॅलाडिन, खेळायचा आहे, 'राक्षसांनी माझे सगळे कुटुंब मारले' एवढी पूर्वकथा सुचली आहे, आणि हे पात्र लढाईत बळकट असले तरी एकसुरी होईल व बाकीच्या खेळाडूंना जाचक ठरेल अशी भीती वाटते. मी बहुतेक वेळा डीएमच्या, म्हणजे कथा चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, जागी बसतो आणि पॅलाडिन हा माझा सर्वांत आवडता वर्ग (पात्राचा प्रकार) आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. माझे आकडे 2014 च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकाचे आहेत. तुमचा गट 2024 च्या नियमांनी खेळत असेल तर कुठे फरक पडतो तेही सांगेन.

या वर्गात तुम्हाला हवी असलेली शपथ म्हणजे ओथ ऑफ व्हेन्जन्स. तिची चार तत्त्वे आहेत. मोठ्या दुष्टाशी आधी लढावे, शपथेच्या शत्रूला दया दाखवू नये, त्याच्या नाशासाठी लागेल तो मार्ग वापरावा, ही पहिली तीन. बहुतेक खेळाडू इथेच थांबतात आणि काळा अंगरखा घातलेला, कोणाशी न बोलणारा योद्धा तयार करतात. चौथे तत्त्व भरपाईचे आहे: माझ्या शत्रूने जगात विध्वंस केला असेल तर तो मी त्याला रोखू शकलो नाही म्हणून झाला, आणि म्हणून त्याने ज्यांचे नुकसान केले त्यांना मदत करणे माझ्यावर बंधनकारक आहे. माझे ठाम मत आहे की पात्राची उभारणी या चौथ्या तत्त्वापासून करावी. सगळे कुटुंब मेले असेल तर भरपाई कोणाला करणार? म्हणून तुमच्या पूर्वकथेत पहिला बदल हा करा की त्या रात्री काही माणसे वाचली, ती अजून जिवंत आहेत, त्यांचे हाल चालू आहेत, आणि तुमचे पात्र त्यांना नावानिशी ओळखते.

एक उदाहरण घेऊ. डोंगरातल्या एका गावी देवळाच्या धान्यकोठाराची रखवालदार असलेली स्त्री आहे. एका रात्री पहारा सोडून ती आजारी बहिणीकडे गेली आणि त्याच रात्री कोठाराला आग लागली. आगीत एकही माणूस मेला नाही, परंतु त्यानंतरच्या हिवाळ्यात भुकेने अनेक जण गेले. आग लावणारा एक भाडोत्री गुंड होता, त्याला पैसे देणारा धान्याचा व्यापारी होता, आणि चौकशी दडपणारा कोणी मोठा सरदार होता. तिला आज फक्त गुंडाचे तोंड माहीत आहे, वरचे दोघे तिच्यासाठी अंधारात आहेत. तिच्याजवळ त्या हिवाळ्यात माणूस गमावलेल्या घरांची यादी आहे, आणि मोहिमेत मिळालेल्या प्रत्येक लुटीतला आपला ठरावीक वाटा ती त्या घरांना पाठवते. एवढ्याने अनेक कामे साधतात. अपराधाची जाणीव तिच्या रागाइतकीच खरी ठरते. डीएमला चढत्या ताकदीचे तीन शत्रू आयते मिळतात, ज्यांतला पहिला सुरुवातीच्या लेव्हलला (पात्राच्या ताकदीची चढती पायरी) आणि शेवटचा कॅम्पेनच्या उत्तरार्धात समोर येऊ शकतो. शिवाय ते वाचलेले गावकरी कधीही कथेत परत येऊ शकतात, कदाचित 'आता पुरे कर' असे सांगायलाही.

शत्रू राक्षस असण्याऐवजी माणूस असावा असे मी सुचवतो, कारण राक्षसाला मारताना कोणालाच प्रश्न पडत नाही, तर कायद्याच्या आड उभ्या असलेल्या व्यापाऱ्यावर तलवार उपसताना सगळा गट विचारात पडतो.

आता एक गोष्ट, जिच्याकडे पूर्वकथा लिहिताना हमखास दुर्लक्ष होते. 2014 च्या नियमांत पॅलाडिन आपली शपथ तिसऱ्या लेव्हलला घेतो, आणि त्याआधी तो या मार्गावर असला तरी शपथबद्ध नसतो, असे नियम स्पष्ट सांगतात. म्हणजे शपथेचा प्रसंग तुम्हाला पूर्वकथेत उरकण्याची गरज नाही, तो टेबलावर, सोबत्यांच्या देखत घडू शकतो. पहिल्या दोन लेव्हलमध्ये तुमची रखवालदार नुसती शोध घेणारी, पश्चात्तापाने पोळलेली बाई असू द्या. गुंड हाती लागला आणि त्याच्या तोंडून व्यापाऱ्याचे नाव निघाले की त्या सेशनच्या शेवटी तिने शपथ उच्चारावी. शपथ एकाच वाक्याची असावी आणि ती पुरी झाली की नाही हे निर्विवादपणे ठरवता यावे. 'जगातले सारे पाप नष्ट करीन' ही शपथ खेळायला निरुपयोगी आहे. 'ज्याच्या सांगण्यावरून कोठार जळले त्याच्या पैशाने ते पुन्हा भरेपर्यंत मी या डोंगरात घर करणार नाही' ही शपथ खेळता येते.

देवतेची निवड त्यामानाने सोपी आहे. पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनची शक्ती मुख्यतः शपथेतून येते, तरीही देवता असली तर संवादाला आधार मिळतो. कॅम्पेन फरगॉटन रेल्म्स या खेळाच्या तयार काल्पनिक जगात असेल तर होर हा सुडाचा आणि प्रतिफळाचा देव आहे, आणि त्याचे चिन्ह दोन तोंडांचे मस्तक कोरलेले नाणे आहे, जे आमच्या धान्यव्यापाऱ्याच्या कथेत चपखल बसते. न्यायाचा देव टिर घेतला तर पात्र वेगळ्या पेचात सापडते, कारण तिथे शिक्षा देण्याआधी निवाडा लागतो. अलाइनमेंटची, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाची, फार चिंता करू नका. जुन्या आवृत्त्यांत पॅलाडिन लॉफुल गुड (नियमनिष्ठ आणि सज्जन) असणे सक्तीचे होते, पाचव्या आवृत्तीत ती सक्ती नाही, आणि या शपथेचे पॅलाडिन अनेकदा न्यूट्रल (तटस्थ) किंवा लॉफुल न्यूट्रल असतात असे पुस्तकच म्हणते.

नियमांच्या बाजूने पाहता स्ट्रेंथ (बळ) आणि कॅरिझमा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) हे दोन गुण आधी सांभाळायचे असतात. 27 पॉइंट गुणांत वाटण्याच्या पद्धतीने व्हेरिएंट ह्यूमन (मानव पात्राचा पर्यायी प्रकार) घेतला तर दोन्हींवर 15 ठेवून वरचे एकेक मिळवले की दोन्ही 16 होतात, कॉन्स्टिट्यूशनवर (काटकपणा) 13 ठेवता येते आणि उरलेले 4 पॉइंट विस्डम व डेक्स्टेरिटीत वाटता येतात. शिवाय पहिल्याच लेव्हलला एक फीट (जादा खास कौशल्य) मिळते. डीएमने परवानगी दिली तर ग्रेट वेपन मास्टर ही फीट घ्या आणि हाती दोन हातांची तलवार द्या. कारण असे: तिसऱ्या लेव्हलला तुमच्या हल्ल्याच्या 20 बाजूंच्या फाशावर +5 असते, म्हणजे 16 आर्मर क्लासच्या (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) शत्रूला लागण्याची शक्यता 50 टक्के. या शपथेची खास शक्ती व्हाऊ ऑफ एन्मिटी ही एका शत्रूविरुद्ध एक मिनिटभर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे) देते, आणि तीच शक्यता 75 टक्क्यांवर जाते. ग्रेट वेपन मास्टरसाठी फाशातून 5 वजा करून 10 जादा इजेचा डाव खेळलात, तर एरवी 25 टक्के असणारी शक्यता ॲडव्हांटेजमुळे सुमारे 44 टक्के होते. क्रिटिकलची (फाशावर 20 पडून इजेचे फासे दुप्पट होण्याची) शक्यता 5 टक्क्यांवरून 9.75 टक्के होते, आणि डिव्हाइन स्माइट हा जादा इजेचा वार हल्ला लागल्यावर जाहीर करायचा असल्यामुळे तुम्ही क्रिटिकल पडल्याचे पाहून मगच त्यासाठी स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याचा मोजका साठा) खर्च करू शकता. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटचे 2 डी8 (आठ बाजूंचे फासे) तेव्हा 4 डी8 होतात. पाचव्या लेव्हलला माणसाला जखडणारे होल्ड पर्सन हे स्पेल (मंत्र) मिळाले की जखडलेल्या माणसावर जवळून लागलेला प्रत्येक वार आपोआप क्रिटिकल ठरतो, आणि क्षणात दुसरीकडे प्रकट होण्याचे मिस्टी स्टेप मिळाल्यामुळे 30 फुटांपर्यंत पळालेला शत्रूही हाताबाहेर जात नाही.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. व्हाऊ आणि शत्रूवर खूण करून जादा इजा देणारे हंटर्स मार्क हे स्पेल या दोन्हींना बोनस ॲक्शन (आपल्या पाळीत एकदाच मिळणारी छोटी जादा कृती) लागते, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत होत नाहीत; शिवाय व्हाऊसाठी शत्रू 10 फुटांच्या आत असावा लागतो आणि ती दोन विश्रांतींच्या मध्ये एकदाच वापरता येते. 2024 च्या नियमांत व्हाऊ हल्ल्याच्या ॲक्शनबरोबरच आणि 30 फुटांवरून घेता येते, शत्रू पडल्यास ती दुसऱ्यावर वळवता येते, मात्र स्माइट हे बोनस ॲक्शनने करायचे स्पेल झाले आहे. मला स्वतःला 2014 ची काटकसरीची व्हाऊ या पात्रासाठी अधिक आवडते, कारण ती कोणावर खर्च करायची हा निर्णय दर वेळी पात्राच्या मनातले खरे काय ते उघड करतो.

मी या शपथेवर इतका जीव टाकतो त्याचे कारण सहाव्या आणि सातव्या लेव्हलमध्ये आहे. सहाव्या लेव्हलला पॅलाडिनला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळते: 10 फुटांच्या आत असलेल्या प्रत्येक सोबत्याच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (संकट टाळण्यासाठी टाकायचा फासा) तुमच्या कॅरिझमाचा मॉडिफायर (गुणावरून मिळणारी भर) मिळवला जातो, म्हणजे तुम्ही जवळ उभे आहात एवढ्यानेच लोक वाचतात. लगेच पुढच्या लेव्हलला रीलेंटलेस ॲव्हेंजर मिळते: पळणाऱ्या शत्रूवर ऑपर्च्युनिटी अटॅक (तो तुमच्या टप्प्यातून निसटताना करायचा आयता वार) लागला की तुम्ही आपल्या अर्ध्या वेगाइतके त्याच्या मागे धावू शकता. एक शक्ती सांगते इथेच थांब, दुसरी सांगते त्याच्या मागे जा. विझार्ड जखमी आहे, व्यापारी दाराकडे पळतो आहे, तुमचा वार लागला आहे आणि डीएम विचारतो की पुढे सरकणार का. तुमची रखवालदार एकदा पहारा सोडून गेलेली आहे. या एका क्षणासाठी तिची पूर्वकथा तशी लिहिली होती. कधी ती थांबेल, कधी धावेल, आणि दोन्हींचे परिणाम टेबलावर सगळ्यांना दिसतील. म्हणून या दोन शक्तींना नुसती आकड्यांतली भर समजू नका. ले ऑन हँड्स या स्पर्शाने बरे करण्याच्या शक्तीचेही तेच आहे. लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) बरे करणारे हात त्याच बाईचे आहेत, आणि तो साठा लढाईनंतर एखाद्या अनोळखी गावकऱ्यावर खर्च करणे हेच चौथे तत्त्व खेळणे आहे.

सोबत्यांच्या त्रासाविषयी तुम्ही विचारले आहे. आपल्या वाचकाला ओळखीचे उदाहरण द्यायचे तर महाभारतातले सौप्तिक पर्व पाहा. अश्वत्थामा पित्याच्या वधाचा सूड घ्यायला निघतो, शंकराची आराधना करून खड्ग मिळवतो आणि झोपलेल्या छावणीत शिरून धृष्टद्युम्नासह द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. पहिली तीन तत्त्वे त्याने तंतोतंत पाळली, चौथ्याचा त्याच्याकडे मागमूस नाही. मला त्यात कृपाचार्य अधिक महत्त्वाचे वाटतात. निजलेल्यांना मारू नये, सकाळपर्यंत थांबावे असे ते सांगतात, आणि तरीही शेवटी कृतवर्म्याबरोबर छावणीच्या दाराशी उभे राहून पळणाऱ्यांना कापतात. एका खेळाडूच्या सुडापायी बाकीच्या गटाची अशीच गत होते. त्यांना पटत नसते, पण कथा थांबू नये म्हणून ते दाराशी उभे राहतात आणि मनातून खेळ सोडून देतात.

यावर उपाय पहिल्या सेशनच्या आधीच करावा. शरण आलेल्या कैद्यांचे काय करायचे, छळ करून माहिती काढणे टेबलावर चालेल का, आणि तुमचे पात्र रेषा ओलांडू लागले तर कोणाचे पात्र तिला अडवेल, हे सगळ्यांशी मोकळेपणाने ठरवा. अडवणारे पात्र आधीच ठरलेले असेल तर ते भांडण दोन्ही खेळाडूंना हवेसे वाटते. दुसरे असे की 'दया नाही' हे तत्त्व केवळ शपथेच्या शत्रूंना लागू आहे. सामान्य शत्रूला क्षमा करता येते असे त्यातच म्हटले आहे. त्यामुळे वाटेत भेटलेल्या भुकेल्या गॉब्लिनशी तुमची रखवालदार सर्वांपेक्षा मऊ वागू शकते, भुकेचा हिवाळा तिने पाहिला आहे. तिच्या कठोरपणाला वजन येते ते या मऊपणामुळे. शिवाय गटातल्या एखाद्या सोबत्याचे वैयक्तिक काम ती आपल्या शोधाच्या आधी उरकेल असे ठरवून ठेवा. सारे कॅम्पेन तुमच्या सुडाभोवती फिरू नये ही जबाबदारी डीएमइतकीच तुमची आहे.

शेवटी, सूड पुरा झाल्यावर काय, हे डीएमला आताच विचारून ठेवा. व्यापारी बाराव्या लेव्हलला मेला तर पंख फुटण्याची विसाव्या लेव्हलची ॲव्हेंजिंग एंजल ही शक्ती अजून दूर असते आणि पात्राकडे कारण उरत नाही. सरदाराचे नाव तोपर्यंत न उघडणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग असा की शपथ पुरी झाल्यावर गावकऱ्यांनी तिला कोठाराचा पहारा पुन्हा देऊ करावा, आणि तो घ्यायचा की सोबत्यांबरोबर पुढे जायचे हे तुम्ही त्या दिवशी ठरवावे. डीएमला देण्याच्या कागदावर मात्र शपथेचे वाक्य, वाचलेल्या तीन-चार माणसांची नावे, आणि तुम्ही मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या जागा एवढेच लिहा; त्या जागा भरण्याचे काम डीएमचे आहे.